वेदीवरची भाकर आणि आपल्या ताटातले अन्न



मिस्साच्या वेळी धर्मगुरू जी भाकर हातात घेतात ती कशाची असावी, याबद्दल ख्रिस्तसभेचा नियम अगदी साधा आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातले ९२४वे कलम सांगते की ती भाकर केवळ गव्हाची असावी आणि नुकतीच तयार केलेली असावी, म्हणजे ती बिघडण्याची भीती राहणार नाही. द्राक्षारसही द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न नासलेला हवा. गहू आणि पाणी, बस्स. त्यात साखर नाही, रंग नाही, सुगंध नाही. कोणी भाविक प्रेमाने केक आणून वेदीवर ठेवू म्हणाला, तरी चालत नाही.

हा नियम आरोग्यासाठी केलेला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ती पातळ भाकर पोट भरण्यासाठी कोणी खात नाही. नियमाचे कारण वेगळे आहे. प्रभूने जी खूण दिली ती खरी असली पाहिजे. भाकर म्हटले की ती भाकरच हवी. जमिनीतून उगवलेली, माणसाच्या कष्टातून आलेली, जिच्यात काय आहे ते लहान मुलालाही सांगता येईल अशी.

आता त्याच मिस्सानंतर पाच मिनिटांनी आपण हॉलमध्ये येतो. टेबलावर चहा असतो, क्रीमची बिस्किटे असतात, चिप्सची छोटी पाकिटे असतात. मुलांसाठी भगव्या किंवा हिरव्या रंगाचे गोड पेय असते. धर्मशिक्षणाच्या वर्गात वचन पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलाला बक्षीस म्हणून चॉकलेट मिळते. हे चित्र कुठल्या एका धर्मग्रामाचे नाही. ग्वाल्हेरपासून वसईपर्यंत कुठेही दिसते. कोणी वाईट हेतूने हे करत नाही. पाकीट स्वस्त असते, वाटायला सोपे असते आणि मुले खूश होतात.

तरीही मला वाटते की यावर आपण एकत्र बसून विचार करायची वेळ आली आहे. तो विचार घरातल्या आईला उपदेश करून सुरू होऊ नये. तो चर्चच्या हॉलमधल्या त्या टेबलापासून सुरू व्हावा.

मोकळीक कशासाठी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयात घसरायला वेळ लागत नाही. आपल्या श्रद्धेत अन्नाचे सोवळे-ओवळे नाही. माणसाला बाहेरून आत जाणारे काही अपवित्र करत नाही, हे प्रभू येशूने शिकवले, आणि त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात नमूद आहे. पेत्राला याफोच्या छपरावर जो दृष्टांत झाला (प्रेषितांची कृत्ये १०), त्यानंतरच तो कर्नेल्याच्या घरी जाऊ शकला. ज्या देशात कोण काय खातो आणि कोणाच्या हातचे खातो यावरून माणसाची किंमत ठरत आली, त्या देशात ही शिकवण म्हणजे केवढी मुक्ती आहे, हे आपल्या आजी-आजोबांनी अनुभवले आहे. ती मुक्ती ‘नैसर्गिक आहारा’च्या नावाखाली आपण परत गमवायची नाही. चिप्स खाणारा पापी नाही आणि बाजरीची भाकरी खाणारा संत नाही.

पण पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ६व्या अध्यायाच्या १२व्या वचनात, या मोकळिकीला दोन कुंपणे घातली आहेत. सगळ्या गोष्टींची मोकळीक आहे, पण सगळ्याच हिताच्या नाहीत, हे पहिले. आणि मोकळीक आहे म्हणून मी कशाचाही गुलाम होणार नाही, हे दुसरे. त्याच अध्यायाच्या शेवटी तो आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण करून देतो. या दोन गोष्टी एका दमात वाचायच्या आहेत. मंदिर आहे म्हणून त्याची काळजी, आणि मोकळे आहोत म्हणून कोणत्याही वस्तूची सत्ता आपल्यावर नाही.

आजच्या पाकिटातल्या पदार्थांबद्दल प्रश्न नेमका इथेच येतो. सत्ता कोणाची?

कोणते अन्न ‘प्रक्रिया केलेले’?

‘प्रोसेस्ड फूड वाईट’ असे सरसकट म्हणणे चूक आहे. दही ही प्रक्रियाच आहे. लोणचे, पापड, चक्कीवरचे पीठ, पाश्चराइज केलेले दूध, आयोडीनयुक्त मीठ, या सगळ्यांवर प्रक्रिया झालेली असते आणि त्यांनी आपले भलेच केले आहे. आयोडीनच्या मिठामुळे तर गलगंडाचा आजार कितीतरी कमी झाला.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले डॉ. कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे प्रक्रियेच्या प्रमाणानुसार वर्गीकरण मांडले. आज ते जगभर चार गटांत वापरले जाते. पहिल्या गटात धान्य, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर, तूप यांसारखे स्वयंपाकाचे जिन्नस. तिसऱ्यात या दोन्हींपासून केलेले साधे टिकाऊ पदार्थ. चौथा गट मात्र वेगळा आहे. कारखान्यात धान्याचे तुकडे-तुकडे करून त्यांतून स्टार्च, तेल, प्रथिने वेगळी काढायची आणि रंग, सुगंध, गोडी, चव वाढवणारी द्रव्ये घालून पुन्हा जोडायची. कोल्ड्रिंक, इन्स्टंट नूडल्स, चिप्स, क्रीम बिस्किटे हे सगळे या गटातले. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पाकिटामागची यादी वाचायची. आपल्या स्वयंपाकघरात कधीच न सापडणारी नावे तिथे दिसली, की समजायचे.

या यादीचा एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी लिहावा लागतो. त्यामुळे पुढच्या बाजूला गव्हाची ओंबी छापलेली असली, तरी मागे पहिला शब्द ‘मैदा’, दुसरा ‘साखर’ आणि तिसरा ‘पाम तेल’ असेल, तर ते बिस्किट कशाचे आहे हे कळते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० जणांना दोन आठवडे चौथ्या गटातले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही वेळा ताटात मिळणाऱ्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. कारखान्यातल्या अन्नाच्या आठवड्यांत माणसांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नाच्या आठवड्यांत तेवढेच वजन कमी झाले. कोणी त्यांना जास्त खा म्हणाले नव्हते.  पौल ज्याला गुलामी म्हणतो तिचे यापेक्षा साधे उदाहरण कोणते द्यायचे?

आपल्या देशाचे चित्र पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच परिषदेच्या हैदराबादमधील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे दिली. देशातल्या एकूण रोगभारापैकी निम्म्याहून अधिक भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असे त्यांचे अनुमान आहे. जास्त साखर, मीठ, चरबीचे आणि अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. ही आकडेवारी आपल्या प्रार्थनासभांतही ऐकू येते. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना साखर, बीपी, किडनी हेच शब्द दर आठवड्याला येतात.

वर्ध्याचा ख्रिस्ती हिशेबनीस

हा विचार परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी डॉ. जे. सी. कुमारप्पा यांचे नाव आठवावे. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात १८९२ मध्ये जन्मलेले जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय करत होते. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि सुटाबुटातला हा माणूस खादीत आला. १९३४च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याची उभारणी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत मुक्काम केला. म्हणजे आपल्या मराठी मुलखातच.

या संघाने कशावर काम केले? हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ आणि ताडगूळ, मधमाश्या. कुमारप्पांचा हिशेब सरळ होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा त्याचा कोंडा निघून जातो. खाणाऱ्याचे पोषण गेले, आणि गावात भात सडणाऱ्या बाईची मजुरीही गेली. एकाच यंत्राने दोन घरांतली भाकरी कमी केली. पोषण आणि न्याय या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत.

कोंड्याबद्दल ते बोलत होते त्याला विज्ञानाचाही आधार होता. जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमन यांनी १८९०च्या दशकात पाहिले होते की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की बऱ्या होतात. बेरीबेरी या आजाराचे गूढ त्यातून उलगडत गेले आणि जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट मोकळी झाली. १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कुमारप्पांना इंग्रज सरकारने तुरुंगात टाकले, तेव्हा जबलपूरच्या कारागृहात त्यांनी ग्रामीण अर्थशास्त्रावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले आणि येशूच्या शिकवणीवर दुसरे. एका हाताने शुभवर्तमान आणि दुसऱ्या हाताने धान्याचा हिशेब. आपल्या मुलांना संतांच्या कथा सांगताना या माणसाची ओळखही करून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आपल्या दारातले धान्य

ग्वाल्हेरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर दूर जायची गरजच नाही. भिंड-मुरैना भाग बाजरीचा आणि सरसोंचा, म्हणजे मोहरीचा. हिवाळ्यात बाजारात बथुआ येतो, तोच आपला चाकवत. चण्याची कोवळी भाजी येते. मुरैन्याची गजक म्हणजे तीळ आणि गूळ, कुटून कुटून खुसखुशीत केलेले. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा सत्तू, ताक आणि कैरीचे पन्हे आहेच. देवाने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात बी देणारी वनस्पती आणि फळझाडे माणसाच्या हाती सोपवली. ती आपल्या दारात उभी आहेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते पाहिले तर १०० ग्रॅम गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. बाजरीत पुन्हा ११च्या वर. पोट साफ राहणे, साखर हळूहळू रक्तात जाणे, लवकर भूक न लागणे, हे सगळे या तंतूंवर बरेचसे अवलंबून असते. बाजरीची भाकरी, चाकवताची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे जेवण आपल्या आजीने कोणत्याही तक्त्याशिवाय बरोबर ओळखले होते.

शुभवर्तमानात पाच हजारांना पुरले ते अन्नही एका मुलाच्या शिदोरीतले होते: जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या (योहान ६). जव हे गरिबांचे धान्य. प्रभूने ते कमी लेखले नाही. आपल्याकडे मात्र पाहुण्यांसमोर भाकरी ठेवायला संकोच वाटतो आणि पाकीट फोडायला वाटत नाही.

तीन अडचणी

पहिली अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. आपल्या कितीतरी भगिनी रुग्णालयात किंवा शाळेत नोकरी करून घरी येतात. त्यांना ‘सगळे घरी करा’ सांगणे म्हणजे त्यांच्या पाठीवर आणखी एक गोणी टाकणे. इथे मला योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय आठवतो. पुनरुत्थित प्रभू तलावाच्या काठी निखारे पेटवून, मासळी आणि भाकर भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. ज्याने मरणावर विजय मिळवला त्याला चुलीशी बसायला कमीपणा वाटला नाही. मग आपल्या घरातल्या पुरुषांना आणि तरुण मुलांना का वाटावा? घरचे अन्न हवे असेल, तर घरातल्या सगळ्यांचे हात त्यात हवेत. भाजी निवडणे, पोळी लाटणे, डबा भरणे हे मुलग्यांनाही शिकवू या.

दुसरी अडचण पैशाची. दुकानात ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्या महागड्या डब्यांमुळे लोकांना वाटते की चांगले अन्न श्रीमंतांचे. पण भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी यांना कोणतेही लेबल लागत नाही. पाच रुपयांच्या चिप्सच्या पाकिटात हवाच जास्त असते. यशयाने ५५व्या अध्यायात लोकांना विचारले आहे की जी भाकर नव्हे तिच्यासाठी पैसा का खर्च करता? तो आध्यात्मिक भुकेबद्दल बोलत होता हे खरे, पण आपल्या महिन्याच्या किराणा यादीलाही तो प्रश्न लागू पडतो.

तिसरी अडचण उलट दिशेची आहे. काही जण उत्साहाच्या भरात साध्या अन्नालाच औषध मानतात. गूळ ही शेवटी साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी गजक मोजूनच खावी. आणि ‘नैसर्गिक आहार सुरू केला, प्रार्थनाही चालू आहे’ म्हणून इन्सुलिन किंवा बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हा विश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता, असे पौल सांगतो. डॉक्टरांचा सल्ला हाही देवाच्या कृपेचाच एक मार्ग आहे.

हॉलमधले टेबल

मग करायचे काय? मी चार गोष्टी सुचवतो. कोणावर सक्ती नाही.

रविवारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे, केळी किंवा पोहे ठेवू या. प्रत्येक आठवड्याला एका विभागाने जबाबदारी घेतली तर कोणावर भार पडणार नाही. उन्हाळ्यात रंगीत पेयाऐवजी ताक किंवा पन्हे. साध्या कोल्ड्रिंकमध्ये दर १०० मिलीलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५च्या आत राहायला सांगते. मुलाने एक बाटली संपवली की काय उरते ते बघा.

धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस म्हणून खाऊ द्यायचाच असेल तर नाताळच्या दिवसांत गजकेचा तुकडा द्यावा. एरवी पेन्सिल, चित्र, पुस्तक. देवाचे वचन पाठ केले की चॉकलेट मिळते, हे नाते मुलाच्या मनात आपण का जोडावे?

गरिबांना आणि आजाऱ्यांना जेव्हा आपण पिशव्या वाटतो, तेव्हा त्यात स्वस्त बिस्किटांचे पुडे भरण्याऐवजी डाळ, कणीक, चणे, गूळ, तेल भरू या. मत्तयच्या २५व्या अध्यायात भुकेल्याला दिलेले ते प्रभूलाच दिलेले असते. प्रभूच्या हातात आपण काय ठेवणार, एवढाच विचार पिशवी भरताना करायचा.

आणि प्रायश्चित्तकाळात उपवासाचा अर्थ जरा नीट जगू या. शुक्रवारी मांस टाळायचे आणि फरसाणाचे मोठे पाकीट संपवायचे, यात त्याग कुठे आहे? दानीएलाने बाबेलच्या दरबारात दहा दिवसांची परीक्षा मागितली होती. शाकभाजी आणि पाणी, दहा दिवस, मग पाहा (दानीएल १). ती गोष्ट आहाराच्या कृतीची नाही, देवाशी निष्ठेची आहे. राजाच्या ताटावर वाढणाऱ्याची सत्ता आपल्यावर चालू द्यायची नाही, हा त्याचा निर्धार होता. त्याने आरडाओरडा केला नाही, अधिकाऱ्याला नम्रपणे विचारले. आपल्या घरातही दहा दिवस पाकिटातले काही आणायचे नाही, असे मुलांशी बोलून ठरवता येईल. वाचलेले पैसे एका डब्यात टाकून ते धान्याच्या पिशव्यांसाठी द्यावेत. दहा दिवसांनंतर कोणावर बंधन नाही. पण इतके दिवस कोण कोणाच्या ताब्यात होते, हे एव्हाना कळलेले असेल.

वेदीवर आपण खरी भाकर ठेवतो आणि ती प्रभूचे शरीर होते. ते शरीर ग्रहण करून आपण आपल्या शरीरासह घरी जातो. त्या शरीराला आणि आपल्या मुलांच्या शरीरांना खरे अन्न मिळावे, एवढीच ही विनंती.

हे प्रभू, आमची रोजची भाकर आम्हाला दे. ती ओळखण्याची बुद्धी दे, ती रांधायला सर्वांचे हात दे आणि ती वाटून खाण्याचे मन दे. आमेन.